दोन जुळे, एक पैठणी

पहाटे ५
मालगाडी न थांबता पेडगाव स्टेशन ओलांडते, तिच्या आवाजानं मी उठतो. जानेवारीची थंडी. आईनं चूल पेटवलीय. सातपर्यंतचे दोन तास प्लॉटसचे.

प्लॉटस हा रोमचा विनोदी नाटककार, इ.स.पू. १८४ च्या सुमारास वारला. त्याची वीस नाटकं आपल्यापर्यंत पोचली. त्यातलं 'मेनाएक्मी' मी गावातल्या पोरांसाठी वगात उतरवतोय. गोष्ट जुळ्या भावांची. सात वर्षांचं पोर बापाबरोबर तारेंतुमला जातं, तिथं जत्रा भरलेली, गर्दीत बापाचा हात सुटतो आणि एक व्यापारी त्याला एपिडॅम्नस गावी घेऊन जातो. घरी आजोबा दुसऱ्या नातवाला हरवलेल्याचंच नाव देतात. तो मोठा होऊन भावाला शोधत नेमका त्याच गावात येतो आणि सगळं गाव त्याला दुसराच समजायला लागतं. शेक्सपिअरनं हीच गोष्ट उचलली, तिच्यावरून गुलजारांचा 'अंगूर' (१९८२) आला. पोरांनी 'अंगूर' पाहिलाय, म्हणून समजावणं सोपं गेलं.

आज अडलोय एका नावावर. दुसऱ्याच्या पंगतीवर जगणारा एक इसम आहे, पेनिक्युलस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पुसायचा कुंचला: जेवला की ताटवाट्या पुसून लख्ख करतो. 'आयतोबा' हा शब्द आपल्याकडे तयारच आहे, पण त्यात पुसणं नाही. 'पोतेरं' लिहिलं, खोडलं. आई चुलीपुढं बसून ऐकत होती. म्हणाली, "चाटू ठेव की." घोटायचा लाकडी चाटू तिच्या हातातच होता. चाटूराव! दोन्ही अर्थ एका शब्दात बसले.

सकाळी ७
वीज आली. मोटार सुरू केली, हरभऱ्याला पाणी सोडलं, परत आलो.

सकाळी ९
परभणीच्या गाडीत वगातली चार पोरं भेटली. त्यांना एपिडॅम्नसची कोटी सांगितली. लॅटिनमध्ये 'डॅम्नुम' म्हणजे नुकसान. प्लॉटसचा नोकर मालकाला बजावतो की या गावात येणारा ठोकर खाल्ल्याशिवाय परत जात नाही, नावातच ते आहे. मराठीत हे कसं आणायचं, मी आठवडाभर विचार करत होतो. एक पोरगा खिडकीतूनच म्हणाला, "सर, बनी तो बनी, नहीं तो परभणी!" आख्खा डबा हसला. भाऊ हरवला पैठणचा, सापडणार परभणीत. गाव ठरलं. रोमन नाटकात नवरा बायकोची ओढणी चोरून कलावंतिणीला नेऊन देतो. इथं आपोआप पैठणी आली.

दुपारी १
तास संपले, वाचनालयात बसलो. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो रोमन प्रेक्षक. तेव्हा रोममध्ये दगडी नाट्यगृह नव्हतं. पहिलं कायमचं उभं राहिलं इ.स.पू. ५५ मध्ये, पॉम्पेचं. त्याआधी सणाला लाकडी मंच बांधायचे आणि सण सरला की मोडायचे. शेजारी दुसरे खेळ. 'पेनुलुस'च्या सुरुवातीलाच प्लॉटस दायांना सांगतो की तान्ही पोरं घरीच ठेवा, तुम्हाला तहान लागेल आणि ती भुकेनं रडतील. तमाशाच्या तंबूत बसलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

तेरेन्सचं तर काळजाला लागतं. गुलाम म्हणून रोमला आलेला हा नाटककार. त्याचं 'हेकीरा' पहिल्यांदा, इ.स.पू. १६५ मध्ये, लोकांनी अर्ध्यावर टाकलं, कारण दोरीवरून चालणाऱ्या डोंबाऱ्याची बातमी आली. १६० मध्ये पुन्हा लावलं, तर ग्लॅडिएटर येणार अशी हूल उठली. त्याच वर्षी तिसऱ्यांदा ते शेवटपर्यंत झालं. या नाटकांना संगीत देणारा फ्लॅकस हाही गुलामच, पण त्याचं नाव नोंदींत टिकलं. आपल्या किती ढोलकीवाल्यांचं टिकलं?

संध्याकाळी ५
मामांच्या ओट्यावर. तरुणपणी ते फडात सोंगाड्या होते, ढोलकीही वाजवायचे. ढोलकी मांडीवर घेऊन त्यांनी एकेक कडी सरकवली, दोरी ताणली, शाईवर टिचकी मारली, कान लावला. परत एक कडी सरकवली. सूर लागेपर्यंत बोलणं नाही.

माझा प्रश्न चेहऱ्यांचा होता. रोमन नट मुखवटे घालत असं बहुतेक अभ्यासक मानतात, म्हणजे जुळ्यांना दोन सारखे मुखवटे पुरले. कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे, तर खरेच जुळे. 'जहरी प्याला'तले त्यांचे हवालदार महाराष्ट्रानं डोक्यावर घेतले. माझी पोरं मात्र एक उंच, एक ठेंगणा.

मामा म्हणाले, "मास्तर, वगात राजा एक फेरी मारतो अन् काशीला पोचतो. कुणी इचारतं का, रेल्वे कुठाय? सोंगाड्यानं एकदा म्हणावं, दोघं सारखे. झाले सारखे."

वहीत लिहून घेतलं.

रात्री ८
मारुतीच्या पारावर तालीम. गण झाला. गवळणीत मावशीनं दम घेतला नाही. वैद्याचा प्रवेश रंगला: प्लॉटसचा वैद्य येड लागलेल्याला विचारतो, पांढरी दारू पितोस की गडद? आमचा विचारतो, शिंदी की ताडी?

शेवटाला गाडी अडली. मूळ नाटकात भाऊ गावी परतायचं ठरवतात आणि नोकर घरच्या लिलावाची दवंडी देतो: गुलाम, भांडी, जमीन, आणि गिऱ्हाईक मिळालं तर बायकोही. बायकोचं काम करणारी आमची विद्यार्थिनी उठली. "सर, पैठणी माही चोरली. अन् इकायचं मलाच?" मला उत्तर देता आलं नाही, आणि द्यायची गरजही नव्हती. मी विचारलं, "मग कसं करायचं?" ती म्हणाली, "लिलाव मीच पुकारते."

मामांनी ढोलकी ओढली. पलीकडच्या ओट्यावरची म्हातारी घोंगडी झटकून घरी निघाली होती. पोरीनं पदर खोचला आणि नवऱ्याकडं बोट करून पहिली बोली पुकारली, "पाच रुपये! कुणी हाय का गिऱ्हाईक?"

म्हातारी वळली. "दोन देते," म्हणाली, आणि घोंगडी पुन्हा अंथरली.