डोळा जातिवंत, पण खुंट कोण देणार?



एरवी आपण बोंडअळी, तुरीवरची मर नाही तर संत्र्याची गळ यावर बोलत असतो. आज माणसांबद्दल बोलायचे आहे. पण सुरुवात संत्र्यापासूनच करू, कारण गोष्ट तिथेच सुचली.

अचलपूर तालुक्यातल्या एका रोपवाटिकेत हिवाळ्यात कलमांचे काम चालू होते. सत्तरीतले एक बाबा जंबेरीच्या खुंटावर डोळे भरत बसले होते. खुंटाला छेद द्यायचा, साल अलगद उचलायची, डोळा आत सरकवायचा अन् वरून पट्टी आवळायची. मी म्हटले, "बाबा, मातृवृक्ष चांगला निवडला म्हणजे निम्मे काम झाले."

बाबा हसले. "तसं नाही साहेब. डोळा कितीबी जातिवंत असू द्या, खुंट नसन तं वाळून जाते. अन् पट्टी लवकर सोडली तरी वाळते."

आपल्या पुस्तकात हेच चार पानांत लिहिलेले असते. बाबांनी दोन वाक्यांत सांगितले.

तिथून परतवाडा जवळच. परतवाड्याहून सातपुड्याच्या पायथ्याकडे निघालात की सापन नदीवरच्या धरणाचे वझ्झर गाव लागते. अमरावती-अकोल्याकडच्या माणसाला हे नाव नवीन नाही. शंकरबाबा पापळकरांचे बालगृह इथेच आहे. स्व. अंबादासपंत वैद्य यांच्या नावाचे हे बालगृह अंध, मूकबधिर, गतिमंद अशा बेवारस मुलांसाठी आहे. कोणी रेल्वे स्टेशनवर सापडलेले, कोणी बसस्टँडवर, कोणी उकिरड्यावर. अशा १२३ मुलामुलींच्या नावापुढे बाप म्हणून शंकरबाबांचे नाव लागले.

शंकरबाबा मूळचे परीट समाजातले. कपडे धुण्याचे काम केले, पुढे काही वर्षे पत्रकारिता केली आणि मग या कामात पडले ते कायमचेच. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. आदर्श मानला तो गाडगेबाबांचा. गाडगेबाबा आपल्याच मातीतले. जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाच्या शेतीत राबण्यात गेले. त्यांनी स्वतः घर सोडले, पण राज्यभर धर्मशाळा बांधल्या त्या दुसऱ्यांना छप्पर मिळावे म्हणून. शंकरबाबांनी हाच धागा उचलला.

स्टेशन ते सरकारी कचेरी

आता मुख्य गोष्ट. १९९० च्या दशकाच्या शेवटी जळगावच्या रेल्वे स्टेशनवर कचऱ्याच्या डब्यात एक तान्ही मुलगी पोलिसांना सापडली. दृष्टी अधू. आईबापाचा शोध घेतला, पण पत्ता लागला नाही. मुलगी वझ्झरला आली. शंकरबाबांनी नाव ठेवले माला आणि आडनाव दिले स्वतःचे.

विचार करा, त्या दिवशी कोणी विचारले असते, "या पोरीत काय आहे?" तर तुम्ही-आम्ही काय उत्तर दिले असते? पोटाला दोन घास मिळाले तरी नशीब, एवढेच म्हटले असते. गुण कुठे दिसत होता? डोळा सालीखाली झाकलेला होता.

माला ब्रेल शिकली. बोटांनी वाचायची ही लिपी, कागदावर उठलेल्या ठिपक्यांची. शाळा झाली, अमरावती विद्यापीठाची पदवी झाली. पुढे तिने महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचे मनावर घेतले. अमरावतीच्या एका वर्गात शिकवणारे भेटले, पेपर लिहून देणारे लेखनिक भेटले. आधीच्या परीक्षांत अपयशही आले. अखेर मे २०२४ मध्ये निकाल लागला आणि लिपिक-टंकलेखक पदासाठी माला पापळकरची निवड झाली. तेव्हा तिचे वय २६ होते. २०२५ मध्ये ती नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात रुजू झाली.

ज्या पोरीच्या जन्माची नोंद करायला कोणी पुढे आले नाही, ती आता लोकांच्या कागदांवर काम करते. वर्तमानपत्रांनी ही बातमी ठळक छापली आणि ते बरोबरच केले. पण बातमी वाचून आपण "वा! काय जिद्द!" म्हणतो आणि पान उलटतो. माझे म्हणणे इथून पुढे सुरू होते.

पट्टी कधी सोडायची?

जिद्द तिची होतीच. पण हिशेब मांडून पाहा. बाल न्याय कायद्याप्रमाणे वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की मूल हे मूल राहत नाही, बालगृहातला मुक्काम संपतो. पुढे अनुरक्षण म्हणून २१ वर्षांपर्यंत मदत देता येते, अपवाद म्हणून २३ पर्यंत. माला पास झाली २६ व्या वर्षी. म्हणजे नियम बोट ठेवून पाळला असता, तर यशाच्या आठ वर्षे आधी तिचे छप्पर गेले असते. अपवाद धरला तरी तीन वर्षे आधी.

धडधाकट पोराचे आपण काय करतो? पदवी झाली तरी तीसपर्यंत घरात ठेवतो. "अभ्यास चालू आहे" म्हणतो. आणि जिला दिसत नाही, जिच्या मागे मामा-काका कोणी नाही, तिने अठराव्या वाढदिवसाला पिशवी उचलून निघायचे! जायचे कुठे? पुन्हा स्टेशनवर?

शंकरबाबांनी वर्षानुवर्षे हीच मागणी लावून धरली, की बेवारस दिव्यांगांना अठरानंतरही हक्काने राहता यावे, तसा कायदा व्हावा. त्यांनी आपल्या मुलांना बाहेर काढले नाही. मुलींची लग्ने लावून दिली. डिसेंबर २०२० मध्ये नागपूरला इथल्या एका मूकबधिर मुलीचे लग्न झाले. नवरदेवही वझ्झरचाच, तोही लहानपणी रेल्वे स्टेशनवर सापडलेला. कन्यादान केले तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी आणि वरबाप झाले नागपूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी.

आपल्या खात्याच्या माणसाला वझ्झरला आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे झाडे. माळरानाच्या जमिनीवर या मुलांनी हजारो झाडे लावली आणि जगवली. आमच्या वृक्षारोपणात खड्डा तोच राहतो आणि रोप दरवर्षी नवीन येते, हे तुम्हाला माहीत आहे. इथली झाडे जगली, कारण रोज पाणी घालणारा हात ठरलेला होता. ज्याला लोक "याच्याकडून काय होते?" म्हणतात, तो रोजचे एक काम नेमाने करू शकतो. शेतीत यापेक्षा मोठा गुण कोणता?

हे एकट्या वझ्झरचे नाही

अमरावतीचे तपोवन आठवा. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी ते सुरू केले. त्या काळी हा रोग झाला की माणूस घरातून जायचा, गावातून जायचा आणि भीक मागायला रस्त्यावर बसायचा. तपोवनात त्याच हातांनी सुतारकाम केले, विणकाम केले, शेती केली.

दुसरे उदाहरण मुंबईकडचे. १९८८ च्या सुमारास मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नीला रस्त्यावर एक तरुण दिसला. केस वाढलेले, अंग मळलेले, नारळाच्या करवंटीने गटारातले पाणी पिणारा. त्यांनी त्याला आपल्या दवाखान्यात नेले, उपचार केले. पोरगा बोलता झाला तेव्हा कळले, तो विज्ञानाचा पदवीधर होता, प्रयोगशाळेच्या कामाची पदविकाही घेतलेला. घर आंध्रात. तिथून श्रद्धा फाउंडेशनचे काम उभे राहिले, पुढे कर्जतला केंद्र झाले आणि २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

म्हणून सांगतो, तुमच्या फाट्यावरच्या निवाऱ्यात जो माणूस झोपतो, ज्याला पोट्टे दगड मारतात, तो कोण आहे हे तुम्हाला ठाऊक नाही. मलाही ठाऊक नसते. मी स्वतः अशा एका माणसाच्या बाजूने दोन वर्षे मोटारसायकल नेली. एकदाही थांबून नाव विचारले नाही. एके दिवशी तो दिसेनासा झाला. आता कोणाला विचारू?

आपल्या हातात काय आहे?

भाषण पुरे, कामाचे बोलू. खालच्या गोष्टी गावपातळीवर होऊ शकतात.

टाकून दिलेले किंवा एकटे मूल दिसले तर १०९८ या क्रमांकावर फोन करा, नाही तर पोलिसांना किंवा जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला कळवा. कायद्याने २४ तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. मूल परस्पर कोणाला देऊन टाकू नका, हेतू कितीही चांगला असला तरी.

एखाद्या मायबापाला मूल सांभाळणे खरोखरच अशक्य असेल, तर टाकून देण्याची गरज नाही. बाल कल्याण समितीपुढे ते रीतसर सोपवता येते आणि फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांनी ही गोष्ट आपल्याकडच्या मायमाउल्यांना जरूर सांगावी. त्याने एखादा जीव वाचेल.

मनाचा आजार असलेला माणूस रस्त्यावर भटकत असेल, तर त्याला ताब्यात घेऊन उपचारापर्यंत पोचवणे ही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पोलिसांची जबाबदारी आहे. पोलीस पाटलांनी ठाण्यात कळवावे. जीपमध्ये बसवून शेजारच्या तालुक्यात सोडून येणे हा उपाय नव्हे.

घरात दिव्यांग मूल असेल तर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आधी काढा. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे. लेखनिक घेणाऱ्याला पेपरला दर तासामागे किमान २० मिनिटे जास्त मिळतात. बारावीची पोरे लेखनिक म्हणून बसायला तयार करा, त्याला पैसा लागत नाही.

आणि सरपंच-ग्रामसेवक मंडळी, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. मार्च महिन्यात घाईघाईने चार वस्तू वाटून बिल लावू नका. गावातल्या एकाच पोराला ब्रेलची पुस्तके, शाळेचा प्रवास, वसतिगृहाचा खर्च असा पाच वर्षे आधार द्या. एक कलम धरले तरी बाग सुरू होते.

रोपवाटिकेतून निघताना मी बाबांना विचारले होते, "पट्टी नेमकी कधी सोडायची, दिवस सांगा ना." बाबा म्हणाले, "दिवस मोजून नाही साहेब. डोळा हिरवा दिसला का सोडाची."

अठरा, एकवीस, तेवीस हे आकडे ठरवणाऱ्यांपर्यंत बाबांचे हे बोलणे पोचायला पाहिजे. ग्रामसभेचा ठराव ही पोचवायची एक वाट आहे. येत्या ग्रामसभेत पाण्याचा अन् रस्त्याचा विषय झाला की हाही घ्या. बेवारस दिव्यांगांना अठरानंतरही छप्पर मिळावे, एवढा एका ओळीचा ठराव. लिहून द्यायला मी येतो.