लेथला सम कशी कळते?

नाताळच्या सुट्टीनंतर मंडळाची पहिली बैठक झाली, तेव्हा प्रत्येकाने सुट्टीत काय केलं ते सांगायचं ठरलं. कुणी कादंबरी वाचली होती, कुणी कोकणात जाऊन आलं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "काकांच्या लेथसाठी एन्कोडर बनवला." सगळे गप्प. मग कुणीतरी म्हणालं, "हे मराठीत सांगता येत असेल तर लिहून दे." म्हणून हा लेख.

माझं घर देवासला. देवास आणि धार ही माळव्यातली पवारांची जुनी संस्थानं. त्यामुळे तिथे आमच्यासारखी बरीच मराठी घरं आहेत. मराठी माणसाला देवास माहीत असतं ते कुमार गंधर्वांमुळे. पण आज देवासला मोठी औद्योगिक वसाहत आहे आणि धार जिल्ह्यातलं पिथमपूर तर कारखान्यांचंच गाव आहे. या कारखान्यांना लागणारे छोटे छोटे भाग आसपासच्या लहान वर्कशॉपमध्ये बनतात. त्यातलंच एक माझ्या काकांचं.

काकांकडे एक जुनं लेथ आहे, आमच्याकडच्या बोलीत 'खराद'. त्यांनी कर्ज काढून त्याला मोटारी आणि एक जुना कॉम्प्युटर जोडून घेतला, म्हणजे ते सीएनसी झालं. गोल कापणं, तोंड सपाट करणं, सगळं झकास. मग पिथमपूरहून आटे असलेल्या जोडण्यांचं काम मिळालं. एम २२, पिच १.५, म्हणजे २२ मिलिमीटर व्यासावर दर दीड मिलिमीटरला एक आटा. पहिले चाळीस नग परत आले. गेज आट्यावर दोन फेऱ्या जायचा आणि अडकायचा. मी घरी पोचले तेव्हा काका म्हणत होते, "बेटा, अजून एक लॉट असा गेला तर मशीन विकावं लागेल."

चूक कुठे होती ते समजायला आटे कसे पडतात ते बघावं लागेल. चकमध्ये धरलेला बार फिरतो आणि टूल त्याच्या कडेने पुढे सरकतं. बारची एक फेरी पुरी होईपर्यंत टूल बरोबर दीड मिलिमीटर सरकलं पाहिजे. शिवाय आटा एका दमात पडत नाही. खोली सुमारे ०.९२ मिलिमीटर, ती सहा-आठ कटांत गाठायची. प्रत्येक कटाला टूल परत मागे येतं आणि त्याच खाचेत शिरावं लागतं. चुकून अर्ध्या फेरीनंतर शिरलं तर दोन आट्यांच्या मधोमध नवी खाच पडते आणि नग भंगारात.

साध्या लेथमध्ये हे काम गिअर करतात. चक ज्याच्यावर बसतो तो स्पिंडल आणि टूल सरकवणारा लीड स्क्रू दातांनी एकमेकांना बांधलेले असतात. इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्लेने १८०० च्या सुमाराला अशी लेथ बनवली, तेव्हापासून हीच रीत. स्पिंडल मंदावला तर टूलही आपोआप मंदावतं. सीएनसीमध्ये हे गिअर काढून टाकलेले असतात. दोघांना वेगळ्या मोटारी, मधे फक्त कॉम्प्युटर.

काकांच्या लेथवर एकच सेन्सर होता. दर फेरीला एक पल्स. कॉम्प्युटर कट सुरू होताना वेग मोजायचा, समजा मिनिटाला ५०० फेरे, आणि टूल मिनिटाला ७५० मिलिमीटर वेगाने सोडून द्यायचा. पण टूल लोखंडात शिरलं की स्पिंडलवर भार येतो. तो ५०० वरून ४७५ वर आला, तरी टूल आपलं ७५० नेच चाललेलं. म्हणजे दर फेरीला १.५ ऐवजी १.५८. वीस मिलिमीटर लांबीत साधारण दोन-तृतीयांश आट्याचा घोळ. गेज अडकणारच! कॉम्प्युटर चुकीचं गणित करत नव्हता. सुरुवातीला ऐकलेलं शेवटपर्यंत खरं धरून चालला होता, एवढंच.

मी हे काकांना समजावत होते. काका गल्लीतल्या भजनात तबला वाजवतात. ते म्हणाले, "म्हणजे त्याला सम माहीत आहे, मात्रा माहीत नाहीत."

याहून सोपं मी सांगू शकत नाही. तीनतालात सोळा मात्रा. फक्त सम ऐकून मधल्या मात्रा अंदाजाने धरल्या आणि ठेका जरा ढिला पडला, तर गाणारा चुकीच्या जागी येतो. स्पिंडलच्या मात्रा मोजून देणारी वस्तू म्हणजे एन्कोडर.

बाजारात तो तयार मिळतो, पण आम्हाला परवडणारा नव्हता. शिवाय काकांच्या स्पिंडलमधून लांब बार आरपार जातो, त्यामुळे त्याच्या टोकाला काही चिकटवता येत नाही. म्हणून चकती बनवून स्पिंडलच्या मागच्या बाजूला बांगडीसारखी चढवायची ठरवली. पहिली चकती मी प्लास्टिकच्या पारदर्शक कागदावर छापली. दोन दिवसांत तेल उडून ती बरबटली. दुसरी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, १२० मिलिमीटर व्यासाची. शेजारच्या वर्कशॉपमध्ये मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड होतं. त्याचा दांडा ४० वेळा फिरवला की काम एकदा फिरतं. मला १०० खाचा हव्या होत्या, म्हणजे दर खाचेला दांडा दोन-पंचमांश फेरी. वीस भोकांच्या वर्तुळावर आठ भोकं पुढे. शंभर वेळा मोजायचं, एकदाही चुकायचं नाही. मी मोठ्याने मोजत होते.

खाचेच्या दोन्ही बाजूंना पाय असलेला ऑप्टिकल सेन्सर बसवतात. एका पायातून प्रकाश निघतो, दुसऱ्यावर पडतो. खाच आली की उजेड, दात आला की अंधार. असे दोन सेन्सर लागतात, ए आणि बी. दोन खाचांमधलं अंतर ३.६ अंश. बी हा ए पासून त्याच्या पाव भागाने, ०.९ अंशाने, सरकलेला हवा. इतक्या जवळ दोन सेन्सर मावत नाहीत, म्हणून पुऱ्या दहा खाचा सोडून वर पाव, म्हणजे ३६.९ अंशांवर बसवला. याचे दोन फायदे. आधी ए बदलतो की बी, यावरून फिरण्याची दिशा कळते. आणि दोघांचे उजेड-अंधार मिळून शंभर खाचांतून फेरीला ४०० मोजण्या मिळतात. दीड मिलिमीटरच्या आट्यात एक मोजणी म्हणजे ०.००३७५ मिलिमीटर. तिसरा सेन्सर चकतीच्या आतल्या वर्तुळातल्या एकाच भोकावर. ती आपली सम. प्रत्येक कट तिथूनच सुरू होतो.

कॉम्प्युटरवर लिनक्ससीएनसी ही फुकट मिळणारी प्रणाली आहे. तिच्यात आट्यांसाठी जी३३ आणि जी७६ या आज्ञा आहेत. त्या टूलला ठरावीक वेगाने सोडत नाहीत, एन्कोडरची मोजणी बघत बघत पुढे नेतात.

लगेच जमलं? नाही. दोन समांच्या मधे ४०० हवे होते, पडद्यावर कधी ४०३, कधी ३९८. स्पिंडलच्या मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची वायर सेन्सरच्या वायरला चिकटून गेली होती, आणि तिचा गोंगाट मात्रा म्हणून मोजला जात होता. वायरी लांब केल्या, सेन्सरला जाळीचं कवच असलेली केबल घेतली, ते कवच एकाच टोकाला अर्थिंगला जोडलं, आणि अर्धवट सिग्नलला स्पष्ट हो-नाही करणारी स्मिट ट्रिगरची चिप मधे टाकली. मग हजार फेरे फिरवले. बरोबर ४,००,०००.

एकतीस डिसेंबरच्या संध्याकाळी पहिला नग कापला. काकांनी गेज लावला, आणि तो शेवटपर्यंत नुसत्या बोटांनी फिरत गेला. काका काही बोलले नाहीत. गेज उलटा फिरवून काढला आणि पुन्हा लावला. असं तीनदा.

नवा लॉट जानेवारीत पिथमपूरला गेला आणि पास झाला. मशीन अजून आमचंच आहे.

हे लिहिताना शब्द शोधत होते. स्पिंडलला मराठीत चाती म्हणतात, सूतकताईतला जुना शब्द. आट्यांच्या वळणाला मळसूत्र. शब्द आपल्याकडे होतेच, ते वर्कशॉपपर्यंत पोचवायचे राहिले. काकांना मी 'चाती' सांगितला तर ते हसले. पण परवा फोनवर म्हणाले, "रोज सकाळी चाती रिकामी फिरवतो. पडद्यावर ४०० दिसले की मगच पहिला बार लावतो."