घरच्या गाडीनें घरचीच गाडी ठोकली तर

सकाळची घाईची वेळ. अंगणांतून मोटार मागें घेतांना ती घरच्याच दुसऱ्या मोटारीवर आदळते. एकीस पोचा पडतो, दुसरीचा दिवा फुटतो. दोन्ही गाड्या एकाच गृहस्थाच्या नांवावर. “विमा आहे ना?” असें घरांतील कोणी तरी म्हणतें, आणि तेथूनच गैरसमजास आरंभ होतो.

मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. त्रयस्थाच्या हानीचा भाग १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग ऐच्छिक. विमेदार हा पहिला, कंपनी ही दुसरी, आणि या दोहोंबाहेरचा तो त्रयस्थ. कोणीही मनुष्य स्वतःचाच त्रयस्थ होऊं शकत नाहीं. म्हणून विमेदाराच्या मालकीची वा ताब्यांतील मालमत्ता या सक्तीच्या भागांतून वगळलेली असते. स्वतःच्या फाटकाचा खांब पडला, तरी न्याय हाच.

मग उरतो ऐच्छिक भाग. तो दोन्ही गाड्यांस असेल, तर दोन स्वतंत्र दावे करावे लागतात. प्रत्येकांतून सक्तीची वजावट होते : १,५०० सी. सी. पर्यंतच्या गाडीस १,००० रुपये, त्याहून मोठीस २,०००. परंतु खरा फटका बसतो तो ‘नो क्लेम बोनस’ला. दाव्याविना वर्षें गेलीं, कीं ऐच्छिक भागाच्या हप्त्यांत अनुक्रमें २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के सूट मिळते. एका दाव्यानें ती शून्यावर येते. हा हप्ता १०,००० रुपये धरला व तो स्थिर मानला, तर पन्नास टक्क्यांची पायरी पुन्हा गांठेपर्यंत ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० व ५०० असे एकूण १२,५०० रुपये अधिक भरावे लागतात. आणि हें एकाच गाडीचें झालें! तीन-चार हजारांच्या पोच्यासाठीं दावा करणें म्हणजे चार आण्यांची कोंबडी नि बारा आण्यांचा मसाला.

एक गाडी पतीच्या व दुसरी पत्नीच्या नांवावर असेल तर? शब्दशः पाहतां पत्नीची गाडी त्रयस्थाची ठरूं शकते. पण ती मागणी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें न्यावी लागते, आणि तेथें पत्नीस पतीची चूक सिद्ध करावी लागते. (घरीं ती कधींच सिद्ध झालेली असते, हा भाग निराळा.) व्यवहारांत बहुधा तीही आपल्याच विमापत्रावर दावा करते.

कांहीं जण “अनोळखी मोटार ठोकून गेली” असें लिहून देतात. त्यानें लाभ कांहींच नाहीं, कारण तो दावाही स्वतःच्याच विमापत्रावर पडतो. उलट, सर्वेक्षक पोच्याची उंची व रंगाचे ओरखडे ताडून पाहतो, आणि खोटें उघड झालें, तर खरा असता तो दावाही हातचा जातो.