खड्ड्यातल्या हाडांना नाव कसं मिळतं?

जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनिकाच्या परिसरात बोस्नियन सर्ब सैन्यानं आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे ठार मारले आणि सामूहिक खड्ड्यांत पुरले. थोड्याच महिन्यांत पुरावा लपवण्यासाठी तेच खड्डे यंत्रांनी उकरून अवशेष ट्रकमधून दूर नेऊन पुन्हा पुरले. या उलथापालथीत देहांचे तुकडे झाले. एकाच माणसाची हाडं दोन-तीन, कधी त्याहून जास्त ठिकाणी सापडली.

कपडे आणि खिशातल्या वस्तूंवरून फार थोड्यांची ओळख पटली. मग १९९६ साली स्थापन झालेल्या बेपत्ता व्यक्तींसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं हयात नातलगांपासून सुरुवात केली. बोटाला टोचून रक्ताचे थेंब कार्डावर घ्यायचे. दुसरीकडे मांडीच्या हाडाचा तुकडा किंवा दात स्वच्छ करून, त्याची पूड करून डीएनए काढायचा. संगणक दोन्ही ताडून पाहतो. खात्री किमान ९९.९५ टक्के असेल तरच जुळणी मान्य होते. अशी पहिली जुळणी नोव्हेंबर २००१ मध्ये झाली. आजवर सुमारे सात हजार जणांची ओळख पटली आहे.

अडचण येते ती सख्ख्या भावांची. एकाच आईचे दोन मुलगे गेले आणि दोघांनाही मूलबाळ नसेल, तर तिच्या रक्तावरून हाडं कोणत्या मुलाची हे कळत नाही. तिथं हाडांवरून वय आणि उंची काढावी लागते.

मग निर्णय घरच्यांचा. सापडलं तेवढंच पुरायचं, की उरलेलं मिळेपर्यंत थांबायचं? दफन बहुतेक वेळा ११ जुलैला स्रेब्रेनिकाजवळच्या पोटोचारीच्या स्मारकात होतं. नंतर आणखी हाडं सापडली, तर कबर पुन्हा उघडतात.

हीच हाडं न्यायालयातही बोलली. माती, काडतुसांच्या पुंगळ्या, डोळ्यांवर बांधलेल्या पट्ट्यांचं कापड यांवरून मूळ खड्डा आणि नंतरचा खड्डा यांचा संबंध सिद्ध झाला. लपवण्याचा खटाटोपच पुरावा ठरला. बोस्नियन सर्ब सैन्याचा जनरल क्रस्टिच याच्या खटल्यात २००१ साली हेगच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणानं या हत्याकांडाला वंशसंहार म्हटलं.

तरी समेट आपोआप होत नाही. बोस्नियातल्या सर्ब प्रजासत्ताकाच्या सरकारनं २००४ मध्ये माफी मागितली, पण त्यामागचा चौकशी अहवाल तिथल्याच विधानसभेनं २०१८ मध्ये फेटाळला. प्रयोगशाळा कुणाला पश्चात्ताप करायला लावू शकत नाही. पण ‘इतके मेलेच नव्हते’ म्हणणाऱ्याला आता एकेका नावाचा हिशेब द्यावा लागतो.