कानबाई सुरतेत बसली तेव्हा

धुळे-जळगावकडच्या गावात एखाद्या घराला कुलूप दिसलं, तर माणसं कुठे गेली हे विचारावं लागत नाही. "सुरतले," शेजारी सांगून मोकळा होतो. इथून सुरतेला नेणारी तापी व्हॅलीची रेल्वे 1900 च्या सुमाराची. खरी रीघ मात्र सत्तरच्या दशकापासून लागली. इकडे 1972 चा दुष्काळ, तिकडे दिवसरात्र खडखडणारे लूम्स.

1962 मध्ये गुजरात औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पुढे सुरतेच्या पांडेसऱ्यात डाइंग-प्रिंटिंगच्या मिल उभ्या राहिल्या. काम मिळालं, राहायचं कुठे, हे ज्याचं त्यानं बघायचं होतं. हाउसिंग बोर्डानं वसाहत बांधली, पण ती किती जणांना पुरणार? सुरत 1961 मध्ये तीन लाखांच्याही आत होती, 2011 मध्ये पावणेपंचेचाळीस लाखांच्या घरात गेली.

मग पांडेसऱ्यात परवडणारी घरं बांधली कोणी? माझ्या मते, राहणाऱ्यांनीच. शेताचे चिंचोळे प्लॉट पडत, त्याला 'सोसायटी' म्हणत, आणि कागदपत्रं धड असोत-नसोत, माणूस हप्त्यानं जागा घेई. आधी पत्रा, मग स्लॅब. हातात चार पैसे आले की वर एक खोली, आणि ती भाड्यानं. काल भाडेकरू असलेला पाटील-महाजन असा पुष्कळ ठिकाणी घरमालक झाला आणि वरच्या खोलीत ओडिशाच्या गंजामचा किंवा उत्तर प्रदेश-बिहारचा कामगार आला. घरभाड्यावर घराचं कर्ज फिटायचं. सरकारी योजनेत हे गणित बसत नाही, कारण तिथल्या सदनिकेवर मजला चढवता येत नाही!

खानदेशी माणूस बायकामुलांसह आला, हा फरक मोठा. महापालिकेच्या मराठी शाळा चालल्या त्या त्यामुळेच. ओडिया कामगार बहुतेक एकटा. तो मेसच्या खोलीत राहतो. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाला आडवा होतो. सुरतेत 2011 साली हजार पुरुषांमागे स्त्रिया साडेसातशेच्या आसपास होत्या, त्याचं कारण अशा खोल्यांत सापडतं.

मार्च 2020 च्या अखेरीस मिल थांबल्या तेव्हा हा फरक उघडा पडला. पांडेसऱ्यातले शेकडो कामगार 'गावी जाऊ द्या' म्हणत रस्त्यावर आले, पोलिसांशी झटापट झाली. त्या जुलैत केंद्रानं स्वस्त भाड्याच्या घरांची योजना आणली. सुरतेत रिकाम्या पडलेल्या 393 सरकारी सदनिका तिच्यात आल्या. आकडा चुकून लहान छापलेला नाही.

खानदेशी माणूस सुरतेचा कधी झाला, याची नोंद जनगणनेत मिळायची नाही. ती कानबाई या खानदेशी देवीपाशी मिळते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोटाच्या प्रसादासाठी भाऊबंद जमतात. सुरुवातीला त्यासाठी सुट्टी काढून गावी जात. पुढे भाऊबंदच उधना, लिंबायत, पांडेसऱ्यात जास्त झाले, तेव्हा देवीही इकडेच बसू लागली. आता मुलं डिंडोलीकडे फ्लॅट बघतात. सोमवारी विसर्जनाला कानबाई डोक्यावर घेतलेल्या सासूबाई लिफ्टमध्ये मान वाकवून उभ्या असतात, आणि खाली डफ वाजत असतो.