घरीच दाखल: एक ट्रायल वाचताना

ऐंशी पार केलेल्या माणसाला अचानक धाप लागते, किंवा ताप चढून तो बरळायला लागतो. हॉस्पिटलमध्ये न्यायचं, की हॉस्पिटलची टीमच घरी आणायची? हा प्रश्न घेऊन ब्रिटनमध्ये 9 ठिकाणी ट्रायल झाली. साशा शेपर्ड आणि सहकाऱ्यांचा तो पेपर 2021 मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये आला. पीएचडीला बसण्याआधी एकच ट्रायल नीट वाचायची असेल, तर ही वाचा.

इथे घरी उपचार म्हणजे कुणीतरी येऊन बीपी बघून जाणं नव्हे. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट अशी टीम येते. आजाराबरोबर चालणं, स्मरणशक्ती, गोळ्यांची यादी, घरात कोण आहे, हे सगळं तपासते.

सहभागी 1055, सरासरी वय 83. दर तिघांतले दोघे घरच्या गटात, एक हॉस्पिटलच्या. हार्ट अटॅक, पक्षाघाताचा संशय किंवा तातडीच्या शस्त्रक्रियेची शक्यता असलेले रुग्ण आधीच वगळलेले. ही ओळ अधोरेखित करा, बातम्यांमध्ये हीच गळते.

मुख्य आउटकम होता: सहा महिन्यांनी माणूस जिवंत आहे आणि स्वतःच्या घरी राहतोय का? घरच्या गटात 78.6 टक्के, हॉस्पिटलच्या गटात 75.3. म्हणजे घर जिंकलं? थांबा. रिलेटिव्ह रिस्क 1.05, कॉन्फिडन्स इंटरव्हल 0.95 ते 1.15. मध्ये 1 येतो, म्हणजे फरक सिद्ध झाला नाही. पण 'दोन्ही सारखेच' हेही त्यातून सिद्ध होत नाही. व्हायव्हात नेमकं इथेच अडकायला होतं.

मृत्यूंमध्येही ठळक फरक नाही: 16.9 आणि 17.7 टक्के. दुय्यम आउटकममध्ये मात्र घराकडे कल दिसतो. डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा मानसिक गोंधळ, एक महिन्याला 1.7 विरुद्ध 4.4 टक्के. सहा महिन्यांनी वृद्धांच्या निवासी केंद्रात गेलेले 5.7 विरुद्ध 8.7.

उलट पहिल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये जावं लागणं घरच्या गटात जास्त. अपयश? मला तसं वाटत नाही. जो आधीच खाटेवर आहे त्याला 'पुन्हा दाखल' व्हायला आधी घरी सोडावं लागतं. घरचा रुग्ण पहिल्या दिवसापासून मोजणीत येऊ शकतो.

आता कुणी म्हणेल, हेच साताऱ्यात करू. करा, पण आउटकम जसाच्या तसा उचलू नका. आपल्याकडे निवासी केंद्रात जाणारे मुळात थोडे. 'घरीच राहतोय' हे उत्तर जवळजवळ सगळ्याच जिवंत रुग्णांचं येईल. मग तुम्ही फक्त मृत्यू मोजत बसाल. त्यापेक्षा रात्री उठून औषध देणाऱ्या सुनेचे तास मोजा, तिचा बुडालेला रोज मोजा. प्रश्नावलीत तो रकाना पहिल्या दिवसापासून हवा.