प्याला नाकारता येतो, खाट नाही

उत्तर अमेरिकेतील बेघरांच्या निवाऱ्यांमध्ये विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत एक नियम बहुतेक ठिकाणी पाळला जात असे. दारूच्या अंमलाखाली आलेल्याला आत घ्यायचे नाही, आणि कायमचे घर द्यायचे ते व्यसन सोडून दाखवल्यावरच. इतर रहिवाशांची सुरक्षितता जपणे आणि व्यसनी माणसाला सुधारण्याची ओढ लावणे हे दोन्ही हेतू प्रामाणिक होते. परंतु ज्यांचे पिणे वीस-तीस वर्षांचे झाले होते आणि उपचारकेंद्रांच्या अनेक वाऱ्या करूनही सुटले नव्हते, त्यांच्यापुरता या नियमाचा व्यवहारातला अर्थ हाच होता की गोठवणाऱ्या थंडीतही त्यांनी रस्त्यावरच राहावे. १९९६ च्या हिवाळ्यात टोरांटो शहरात तीन बेघर पुरुष थंडीने गारठून मरण पावले, त्या मृत्यूंची अधिकृत चौकशी झाली, आणि तिच्या पाठोपाठ त्याच शहरातील सीटन हाउस या निवाऱ्यात पिणाऱ्यांनाही आसरा देणारा आणि त्यांना मोजून दारू देणारा विभाग सुरू झाला. या पद्धतीला ‘मॅनेज्ड अल्कोहोल प्रोग्रॅम’, म्हणजे नियंत्रित मद्यपुरवठ्याचा कार्यक्रम, असे म्हणतात.

या कार्यक्रमाचा आधार असलेल्या विचाराला हार्म रिडक्शन किंवा हानी-न्यूनीकरण असे नाव आहे. व्यसन सुटावे ही इच्छा त्यात असतेच, पण ते सुटेपर्यंतच्या काळात माणूस जिवंत राहावा आणि त्याच्या शरीराची व आयुष्याची होणारी हानी शक्य तितकी कमी व्हावी, याला त्यात अग्रक्रम दिला जातो. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी सुरू केलेल्या ‘पाथवेज टू हाउसिंग’ या उपक्रमाने हाच क्रम घरांच्या बाबतीत लावला. आधी घर द्यायचे आणि उपचार घेणे न घेणे रहिवाशावर सोपवायचे, ही त्याची रीत पुढे ‘हाउसिंग फर्स्ट’ या नावाने अनेक देशांत पोहोचली.

दारूच्या बाबतीत हा क्रम किती महत्त्वाचा आहे, हे शरीरशास्त्र पाहिल्यावर कळते. दारू मेंदूची उत्तेजना दाबते. वर्षानुवर्षे रोज दारू पिणाऱ्याचा मेंदू त्या दाबाला तोंड देण्यासाठी स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो, आणि दारू एकाएकी बंद झाली की दाब नाहीसा होतो, पण वाढलेली उत्तेजना तशीच राहते. पहिल्या काही तासांत हातांना कंप सुटतो, घाम येतो, उलट्या होतात. पुढच्या एक-दोन दिवसांत आकडी येऊ शकते, आणि काहींना दोन-तीन दिवसांनी डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे भ्रम, भास आणि तीव्र ज्वर यांची अशी अवस्था येते की वेळेवर उपचार न मिळाल्यास ती प्राणावर बेतते. त्यामुळे ‘आज रात्री पिऊ नकोस, मग खाट मिळेल’ ही अट अशा माणसाच्या दृष्टीने अपमानकारक आहेच, शिवाय वैद्यकीयदृष्ट्याही धोक्याची आहे.

शिवाय पैसे संपले म्हणून तलफ थांबत नाही. दारू मिळाली नाही की माणूस माउथवॉश, हँड सॅनिटायझर, जखमा पुसण्याचे रबिंग अल्कोहोल अशा न पिण्याच्या द्रवांकडे वळतो. त्यांतील मद्यार्काचे प्रमाण वाइनच्या कितीतरी पट असू शकते आणि काहींत मुळातच विषारी द्रव्ये असतात. नियंत्रित पुरवठ्याचे पहिले उद्दिष्ट हे द्रव माणसाच्या हातून सोडवणे हे आहे.

प्रत्यक्ष काम कसे चालते हे ओटावा शहरातील कार्यक्रमावरून स्पष्ट होते. २००६ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात त्याचे जे वर्णन प्रसिद्ध झाले, त्यानुसार सकाळी सात ते रात्री दहा या वेळेत, आठवड्याचे सातही दिवस, मागणीप्रमाणे दर तासाला जास्तीत जास्त १४० मिलिलिटर वाइन किंवा ९० मिलिलिटर शेरी दिली जात असे. १४० मिलिलिटर हा आकडा कॅनडातील एका प्रमाण-पेयाच्या, म्हणजे सुमारे १३.६ ग्रॅम शुद्ध मद्यार्काच्या, जवळपास आहे. आणि शरीर मद्यार्क ज्या गतीने पचवते त्या गतीचा विचार केला तर तासाचे अंतरही सयुक्तिक ठरते, कारण त्यामुळे रक्तातील प्रमाण आकडी येण्याइतके खाली उतरत नाही आणि शुद्ध हरपण्याइतके वरही चढत नाही. रात्रभराच्या खंडानंतर सकाळचा पहिला प्याला सर्वांत निकडीचा असतो. तो घेणाऱ्याचे हात अनेकदा इतके थरथरत असतात की प्याला दोन्ही हातांनी धरावा लागतो.

या कामातील खरे कौशल्य दारू मोजण्यात नाही, ती देण्यापूर्वी माणूस पाहण्यात आहे. काउंटरपलीकडचा कर्मचारी समोरच्याची चाल सरळ आहे का, शब्द जड येत आहेत का, डोळे मिटत आहेत का, बाहेरून पिऊन आल्याची चिन्हे आहेत का, हे प्रत्येक तासाला पाहतो आणि शंका आली तर त्या तासाचा प्याला रोखतो. रहिवासी चिडतो, घासाघीस करतो, आणि कर्मचाऱ्याला नकारावर ठाम राहूनही संबंध तुटू द्यायचा नसतो. त्यासाठी लागणारा संयम रोजच्या सहवासातूनच येतो. मात्र हा नकार प्याल्यापुरताच असतो. केवळ नशेच्या कारणावरून कोणाची खाट जात नाही, जेवण बंद होत नाही, आणि पुढच्या तासाला तो माणूस पुन्हा काउंटरवर येऊ शकतो. जुन्या व्यवस्थेत दारू आणि छप्पर ही एकाच शिक्षेची दोन टोके होती; येथे ती एकमेकांपासून सोडवली आहेत, आणि या पद्धतीचे सारे सामर्थ्य त्यातच आहे.

कारण दारू कोठून मिळवायची या चिंतेतून दिवस मोकळा झाला की इतर कामांना जागा मिळते. अंगातील थायमिन, म्हणजे ब जीवनसत्त्वांपैकी एक घटक, कमी झाल्याने दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थायमिनच्या गोळ्या नियमित घेतल्या जातात, जखमांच्या पट्ट्या वेळेवर बदलल्या जातात आणि रक्तदाबाची औषधे चुकत नाहीत. ओटावातील त्या अभ्यासात सतरा जणांच्या आपत्कालीन विभागातील भेटी ३६ टक्क्यांनी आणि पोलिसांशी आलेले संबंध ५१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. गट लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे या आकड्यांवर मोठी इमारत उभारू नये. पण आकड्यांची दिशा दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

याच विचाराचे अधिक मोकळे रूप अमेरिकेतील सिएटल शहरात दिसते. तेथे ‘१८११ ईस्टलेक’ नावाची पंचाहत्तर घरांची इमारत डिसेंबर २००५ मध्ये उघडली. तिच्यात दारू वाटली जात नाही. रहिवासी आपल्या खोलीत आपली दारू पिऊ शकतो, एवढेच. करदात्यांच्या पैशाने दारुड्यांची सोय केली, अशी सडकून टीका त्यावर झाली. २००९ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घर मिळालेल्या ९५ जणांची प्रतीक्षायादीतील ३९ जणांशी तुलना केली होती. पहिल्या सहा महिन्यांत घर मिळालेल्यांवरील सार्वजनिक खर्च, घराचा खर्च धरूनही, दुसऱ्या गटापेक्षा ५३ टक्क्यांनी कमी भरला. आणि मोकळीक मिळाल्यावर पिणे बेसुमार वाढेल ही भीतीही खरी ठरली नाही, उलट काळ जाईल तसे ते कमी होत गेले.

मराठी वाचकाच्या मनातील व्यसनमुक्तीची कल्पना बरीचशी १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांनी घडवली आहे, आणि संपूर्ण मुक्तीचा तो मार्ग असंख्य कुटुंबांना सावरणारा ठरला आहे. नियंत्रित मद्यपुरवठा त्या मार्गाचा प्रतिस्पर्धी नाही; तो त्या मार्गाने न सुटलेल्यांसाठी आहे. दुसरीकडे, सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांना निर्जंतुक सुया आणि जिभेखाली ठेवण्याचे ब्युप्रेनॉर्फिन देण्याचे काम भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखालीच चालते, म्हणजे हानी-न्यूनीकरणाचे तत्त्वही या देशाला परके नाही.

या पद्धतीच्या मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. रोज थोडी का होईना दारू मिळत राहिल्याने यकृताला विश्रांती मिळत नाही, त्यामुळे नियमित रक्ततपासणी अपरिहार्य ठरते. परिचारिका आणि अनुभवी कर्मचारी नसतील तर हाच कार्यक्रम केवळ गुत्ता बनू शकतो. आणि कोणी दारू सोडायचे ठरवले तर उपचाराची वाट त्याच दिवशी उघडी असली पाहिजे. पण या सर्व अटी व्यवस्था चालवणाऱ्यांवर आहेत, आसऱ्याला आलेल्यावर नाहीत. आजाराचे लक्षण हेच उपचार नाकारण्याचे कारण बनवणारा नियम मधुमेहाच्या किंवा क्षयाच्या रुग्णाला लावण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. पिणाऱ्या बेघराला तो लावताना समाजाला अजून संकोच वाटत नाही, आणि हा संकोच वाटू लागणे ही कोणत्याही नव्या निवाऱ्याच्या बांधणीतील पहिली पायरी आहे.